सात सेंटीमीटरचा फरक

अगं, त्या आठवीतल्या पोरीनं तुला विचारलं तरी काय? "मॅडम, आमच्या चाळीत एप्रिलमध्ये शंभर क्विंटल कांदा भरला. दिवाळीच्या तोंडावर काढला. सडका निघाला तो बापूंनी वेगळा मोजला. तरी दोन्हींची बेरीज ऐंशीच्या पुढे जाईना. मग वीस क्विंटल गेला कुठं?" मी कॉलेजात शिकवायला लागून इतकी वर्षं झाली, पण असा प्रश्न माझ्या वर्गात अजून कुणी विचारलेला नाही. आणि तू काय केलंस? "पुढच्या तासाला सांगते" म्हणालीस, पुढच्या तासाला नवा धडा काढलास आणि रात्री मला फोन करून रडलीस.

उत्तर आलं नाही म्हणून रडू नकोस, बाई. माझी एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, ती आज सांगते. मी शाळेत होते तेव्हाची, नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली. आरशाचा धडा चालला होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "आरसा डावं-उजवं बदलतो, मग वर-खाली का बदलत नाही?" मला उत्तर येत नव्हतं. मी "वात्रटपणा पुरे" म्हणून त्याला खाली बसवलं. वर्ग हसला. तो मुलगा वर्षभर पुन्हा उठला नाही. आज तोच प्रश्न मी बीएस्सीच्या पोरांना घालते आणि दरवेळी वाटतं, त्याला त्या दिवशी "मलाही नाही माहीत, शोधू या" एवढं म्हटलं असतं तर माझं काय गेलं असतं?

तुझ्या त्या पोरीला उद्याच सांग, "मला येत नाही, आपण विचारू." कुणाला विचारायचं, तेच आज तुझ्याशी बोलायचंय. तुझ्या हेडसरांनीही नेमकं हेच काम तुझ्या गळ्यात टाकलंय ना? "कॉलेजशी सामंजस्य करार करायचाय, तुम्ही विज्ञानाच्या, तुम्हीच बघा." तू मला म्हणालीस, ताई, नमुना पाठव. नमुना पाठवते, दोन पानांचा आहे. पण त्या दोन पानांनी काही होत नाही.

मी आता टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते, म्हणून आतली गोष्ट सांगते. नॅकचं, म्हणजे कॉलेजच्या दर्जाचं, मूल्यांकन आलं की कॉलेजला करारांचे कागद लागतात, आसपासच्या शाळांसाठी काय केलं त्याचे फोटो लागतात. त्यात वाईट काही नाही. त्या निमित्तानं तरी प्राध्यापक शाळेची पायरी चढतात. पण कागद झाला, शाल-श्रीफळ झालं, बॅनरसमोर फोटो निघाला की दोन्हीकडच्यांना काम उरकल्यासारखं वाटतं. माझ्या जुन्या शाळेत एका मोठ्या संस्थेची गाडी आली होती. तीन तासांत चाळीस प्रयोग दाखवले. मुलं टाळ्या वाजवून दमली. गाडी गेल्यावर एका मुलीनं विचारलं, "यातला एखादा आपण करायचा का?" आमच्याकडे त्यातली एक वस्तू नव्हती आणि खरं सांगायचं तर मला त्यातले अर्धे प्रयोग कळलेही नव्हते. गाडीवाल्यांचा फोननंबर फळ्यावर लिहिलेला होता. दुसऱ्या दिवशी शिपाईकाकांनी फळा पुसला.

म्हणून त्या कागदात तुझ्या हातानं एवढं लिहून घे: येणार कोण, महिन्यातल्या कुठल्या दिवशी येणार आणि किती महिने येणार. "वेळोवेळी मार्गदर्शन करण्यात येईल" हे वाक्य आलं की समज, कुणीही येणार नाही. नाव एका माणसाचं हवं, विभागाचं नको. आणि ते नाव प्राचार्यांचंही नको. त्यांना मीटिंगांतून सवड नसते. वनस्पतिशास्त्राची एखादी तरुण मॅडम बघ, जिनं नुकतीच पीएचडी केलीय आणि जिला अजून लोकांना काही सांगावंसं वाटतं. सटाण्याला कर्मवीर आबासाहेब तथा ना. म. सोनवणे कॉलेज आहे, मालेगाव कॅम्पात एम.एस.जी. कॉलेज आहे. दोन्ही पुणे विद्यापीठाच्या छत्राखालची. पुण्याचा मोठा माणूस वर्षातून एकदा येईल, सटाण्याची मॅडम एसटीनं दर महिन्याला येईल. तुला ती दुसरी हवी.

मोठी माणसं नकोत असं मात्र मी म्हणत नाही. ती कशी यावीत, याची एक जुनी गोष्ट आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या काही शास्त्रज्ञांना वाटलं की आपण एवढं भौतिकशास्त्र करतो, पण शेजारच्या महापालिकेच्या शाळेत विज्ञानाच्या नावानं घोकंपट्टीच चालते. त्यातून १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभं राहिलं. उभं कुठं राहिलं? नाना चौकातल्या महापालिकेच्या शाळेच्याच इमारतीत. आज मानखुर्दला त्यांचा देखणा परिसर आहे, ऑलिंपियाडची मुलं तिथं तयार होतात, पण पहिली बरीच वर्षं शास्त्रज्ञ शाळेचाच जिना चढत होते. वि. गो. कुलकर्णींसारखा भौतिकशास्त्रातला माणूस आपलं संशोधन बाजूला ठेवून पोरं धड्यात कुठं अडखळतात हे बघत बसला. आणि त्यांनी ते मुंबईपुरतं ठेवलं नाही. त्याच दशकात ही मंडळी आपल्या खानदेशात, रावेर तालुक्यातल्या खिरोद्याला पोचली आणि तिथल्या आसपासच्या खेड्यांतल्या शाळांमध्ये त्यांनी काम केलं. स्वस्तातलं साहित्य, शिक्षकांची शिबिरं, पुन्हा पुन्हा येणं. फैजपूरच्या काँग्रेसमुळे तो भाग इतिहासाच्या पुस्तकात आहे; खिरोद्याच्या विज्ञानाच्या तासांचं कुणी सांगत नाही, म्हणून तुला सांगितलं.

त्या लोकांच्या हाती जे लागलं ते मात्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पोरं विज्ञानाला अडत नव्हती, भाषेला अडत होती. पाठ्यपुस्तकातला मजकूर सोप्या मराठीत लिहून दिला तर तीच मुलं जास्त मार्क मिळवतात, हे त्यांनी महापालिकेच्या शाळांमध्ये करून दाखवलं. आता तुझा वर्ग डोळ्यांसमोर आण. बागलाणातली पोरं. घरी अहिराणी. "हाई कसं व्हयनं?" असं विचारणारी. शाळेत येऊन ती "कार्य" हा शब्द वाचतात आणि त्यांना लग्नकार्य आठवतं. "विस्थापन" वाचलं की धरणात गेलेलं एखादं गाव आठवतं. "चल" म्हटलं की उठून चालू लागावं असं वाटतं. मग कुणी सेमीला घातलेला असतो, त्याच्या मराठीवर इंग्रजी येऊन बसतं. अकरावी सायन्सला तर सगळंच इंग्रजीत. म्हणजे एका वाक्यासाठी पोर दोन नद्या ओलांडतं आणि आपण म्हणतो, "हुशार आहे, पण गणितात कच्चा आहे."

इथं तुझी किंमत बघ. कॉलेजच्या त्या मॅडमला श्वसनाची सगळी समीकरणं येतील, पण पोरं कुठल्या शब्दाशी ठेचकाळतात हे तिला माहीत नाही. तुला माहीत आहे. वहीच्या शेवटच्या पानावर असे शब्द लिहायला लाग. आपल्या पोरांनी विज्ञानाच्या शब्दाचा लावलेला प्रत्येक चुकीचा अर्थ टिपून ठेव. दोन वर्षांत तुझ्याकडे असं काही जमेल, जे कुठल्याही विद्यापीठाच्या ग्रंथालयात नाही. करारावर बसशील तेव्हा हात पसरून बसू नकोस, ती वही टेबलावर ठेवून बस.

आणि कांद्याचं काय, ते सांगते. कांदा चाळीत निजलेला असतो, मेलेला नसतो. तो श्वास घेतो, साठवलेली साखर हळूहळू खर्च करतो, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी बाहेर टाकतो. शिवाय त्याच्या अंगातच शंभरातले ऐंशीहून जास्त भाग पाणी, तेही उडत राहतं. वीस क्विंटल हवेत गेला, असं म्हण. पण एवढ्यावर थांबलीस तर तू फक्त "पुढच्या तासाला सांगितलं". हवेत किती गेला आणि कोंबाला किती लागला? जमिनीलगतच्या थरात जास्त गेला की वरच्या? पावसाळ्यात गेला की ऑक्टोबरच्या उन्हात? याचं उत्तर माझ्याकडे नाही, कारण तुमच्या चाळीत काटा लावून मी बसलेले नाही. पोरांना बसव. जाळीच्या पिशवीत दहा-दहा कांदे, दर सोमवारी वजन, वहीत आकडा. कॉलेजकडून ओल्या-कोरड्या फुग्याचा तापमापक आण, तो प्रयोगशाळेच्या कपाटात धूळ खात पडलेला असतोच. सहा महिन्यांनी आलेख काढायला त्या मॅडमना बोलाव. आलेखाचा उतार म्हणजे काय, हे मग त्या पोरीला शिकवावं लागणार नाही. तो तिच्या बापाच्या पैशाचा उतार आहे.

आणि सहल काढायची असेल तर सापुताऱ्याला जायच्या आधी लासलगावला जा. भाभा अणुसंशोधन केंद्राचं कृषक नावाचं विकिरण केंद्र २००२ पासून तिथं आहे. कोबाल्ट-६० चे गॅमा किरण कांद्यावर सोडले की त्याला कोंब फुटत नाही. अणुशास्त्र आणि कांदा एका छपराखाली, तेही आपल्याच जिल्ह्यात, आणि आपण पोरांना अणू शिकवतो तो पुस्तकातल्या गोल-गोल चित्रात! गंमत म्हणजे त्याच २००२ साली जपानमधल्या संशोधकांनी शोधून काढलं की कांदा चिरताना डोळ्यात पाणी आणणारं द्रव्य तयार करायला कांद्यात एक वेगळंच विकर असतं. त्याबद्दल २०१३ मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं बक्षीस. आपल्या आज्या-पणज्या रोज रडत होत्या, त्या रडण्याचा पुरता उलगडा या शतकात झाला. तुझ्या पोरांना हे नक्की सांग. त्यांना वाटतं, विज्ञानातलं सगळं शोधून झालंय आणि आता फक्त पाठ करायचं राहिलंय.

तू म्हणशील, ताई, अभ्यासक्रम कधी पूर्ण करू? खरं आहे. हजेरी, पोर्टल, पोषण आहाराचा हिशेब, वर निवडणुकीची ड्यूटी. शिवाय स्टाफरूममधले टोमणे. "नव्याचे नऊ दिवस" असं कुणी म्हणालं ना तुला? म्हणणारच. मलाही म्हणाले होते. त्यांच्याशी भांडू नकोस. त्यातल्या एका जुन्या गणिताच्या सरांना मात्र विचार, "सर, गुंठ्याचं गणित तुम्ही कसं शिकवता?" तेहतीस फूट गुणिले तेहतीस फूट, एक हजार एकोणनव्वद चौरस फूट, चाळीस गुंठे म्हणजे एकर, बघ ते कसे खुलतात. टोमणा मारणाऱ्या माणसालाही कधीतरी चांगलं शिकवायचं असतं, त्याला कुणी विचारलेलं नसतं.

वेळेचं म्हणशील तर होशंगाबादची गोष्ट ऐक. मध्य प्रदेशात १९७२ साली किशोर भारती आणि रसुलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटरनं मिळून १६ उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. टाटा संस्थेतून बाहेर पडलेले अनिल सद्गोपाल त्यात होते, दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सुट्टी काढून येत होते. १९७८ मध्ये ते सगळ्या जिल्ह्यात गेलं, पुढे एकलव्य संस्थेनं सांभाळलं. त्यांचं मला काय आवडतं सांगू? प्रयोगाच्या पेट्या नव्हेत, शिक्षकांची दर महिन्याची बैठक. महिनाभरात वर्गात काय फसलं ते शिक्षक तिथं येऊन सांगायचे आणि विद्यापीठाचा माणूस समोर बसून ऐकायचा. आणि पोरांसाठी सवालीराम होता. सवालीराम नावाचा कुणी माणूसच नव्हता! पोरं त्याच्या नावानं पत्रं टाकायची आणि त्याच्या नावानं उत्तरं यायची. तीस वर्षं चाललेलं ते काम २००२ मध्ये सरकारनं बंद केलं. का केलं यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, त्यात मी आत्ता शिरत नाही. पण सरकारच्या खुशीवर उभं असलेलं काम एका आदेशानं बंद होतं, हे लक्षात असू दे आणि आपलं छोटं काम चार माणसांच्या अंगवळणी पाड.

त्या होशंगाबादेत १९७८ साली पुण्याच्या टेल्कोतून सुट्टी घेऊन एक इंजिनिअर गेला होता, अरविंद गुप्ता. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि काड्यापेटीतल्या काड्या घेऊन त्यानं त्रिकोण-चौकोन जोडले. त्रिकोण हलत नाही, चौकोन वाकतो. तुझ्या चाळीच्या कैचीत तिरक्या पट्ट्या का असतात, ते कळलं ना? पुढे २००३ पासून दहा-अकरा वर्षं ते पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत खेळणी करत बसले. ती इमारत पु. लं.च्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून झाली, नाव पुलस्त्य. तारा आणि पु. ल., दोन्ही एका शब्दात. गुप्तांच्या खेळण्यांच्या कृती आणि पुस्तकं नेटवर फुकट मिळतात, मराठीतही. मोबाइलचं नेटवर्क चांगलं असेल त्या संध्याकाळी बघत बस.

आयुकाचं नाव निघालं म्हणून सांगते, कारण हे तुला आजपासून करता येईल. ती संस्था उभारणाऱ्या जयंत नारळीकरांच्या मागे पोरं सहीसाठी लागायची. ते म्हणायचे, सही देणार नाही, मला पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. आणि खरोखर उत्तरं लिहायचे. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा कितीतरी घरांत पोरांनी ती पोस्टकार्डं बाहेर काढली असतील. मला नेहमी वाटतं, विद्यापीठ आणि शाळा यांच्यातला याहून स्वस्त करार कुणी केला नसेल. तुझ्या वर्गात एक खोका ठेव. कांद्याच्या प्रश्नानं सुरुवात कर. महिन्याच्या शेवटी त्यातले पाच प्रश्न त्या सटाण्याच्या मॅडमना पाठव आणि सांग, उत्तर हातानं लिहून पाठवा, पोरांच्या नावानं. व्हॉट्सॅपवर नको. कागद पोर घरी नेतं.

सरकारी योजनांचं थोडक्यात सांगते, कारण हेडसर विचारतील. २०१५ च्या जुलैत अब्दुल कलामांच्या हस्ते राष्ट्रीय आविष्कार अभियान सुरू झालं. उच्चशिक्षण संस्थांनी शाळांना हात द्यावा, ही त्यातली कल्पना. त्याच महिन्यात कलाम गेले. पुण्याची आयसर ब्रिटिश कौन्सिल आणि रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीबरोबर आयराइज नावाचा कार्यक्रम चालवते. त्यात सरकारी शाळांतल्या गणित-विज्ञानाच्या शिक्षकांनाच तयार करतात, मग ते इतरांना शिकवतात. संधी मिळाली तर जा. हात जोडून सांगते, प्रमाणपत्रासाठी जाऊ नकोस आणि प्रमाणपत्र भिंतीवर लावू नकोस. शिबिरातून आल्यावर पहिल्या आठवड्यात त्यातली एकच गोष्ट वर्गात कर. पंधरा करायला गेलीस तर एकही होणार नाही, हे मी स्वतःवरून सांगते.

आणि बीएड कॉलेजं विसरू नकोस. बीएड दोन वर्षांचं झाल्यापासून त्या पोरापोरींना वीस आठवडे शाळेत यावं लागतं. आपण त्यांना काय देतो? ऑफ तास. सर आजारी, पाठव छात्राध्यापक. त्यांच्या हातात वजनकाटा दे, कांद्याची वही दे. वीस आठवडे म्हणजे वीस सोमवार.

पैशाचा प्रश्न मी टाळला नाही, मुद्दाम मागे ठेवला. कारण त्यावरची माझी आवडती गोष्ट आठशे वर्षांपूर्वीची आहे आणि आपल्या शेजारची आहे. मालेगावहून चाळीसगावच्या बाजूला गेलं की पाटणादेवी. तिथं एक शिलालेख आहे, इसवी सन १२०७ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ काढला. मठ म्हणजे शाळाच म्हण ना. निकुंभ घराण्याच्या सोईदेवानं त्याला उत्पन्न लावून दिलं. लेखाचा वरचा भाग संस्कृत आणि देण्याघेण्याचा भाग जुन्या मराठीत, कारण तो बाजाराला कळायला हवा होता. त्यात आहे की पाटणच्या पेठेत उघडणाऱ्या मालावरचं राजाचं उत्पन्न मठाला दिलं आणि तेलाच्या घाण्यांनी पळी-पळी तेल द्यायचं. कळलं का? बाजाराच्या सेसवर गणिताची शाळा! एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाडांनी तो लेख उजेडात आणला नसता तर आपल्याला हे कळलंही नसतं. आणि तुमच्या नामपूरला तर कांद्याचं मार्केट आहे. बाजार समितीच्या सचिवांकडे अर्ज घेऊन गेलीस, की आमच्या पोरांना एक डिजिटल वजनकाटा आणि दोन तापमापक द्या, त्या बदल्यात चाळीतल्या घटीचा हिशेब आम्ही लावून फलकावर लिहू, तर ते तुला हाकलून देणार नाहीत. सोबत त्या पोरीला ने. प्रश्न तिलाच विचारू दे. बोलणी तू कर.

बघ, भास्कराचार्यांनी लीलावती लिहिली ती एका पोरीला हाक मारत, प्रश्न घालत. पुढं आठशे वर्षं आपण ती हाक पोरांनाच ऐकवली, पोरींना नाही. असो, मी वाहवत चालले.

आता माझा स्वतःचा प्रस्ताव. मी पुण्यात आहे, तू नामपूरला. तुला वाटतं, पुण्याकडे सगळं आहे, नामपूरनं घ्यायचं. एक प्रयोग असा आहे जो पुण्याला एकट्यानं करताच येत नाही. २२ डिसेंबरला भर मध्यान्हीला उघड्या जागी एक मीटरची सरळ काठी उभी करायची. ओळंबा लाव, गवंड्याचा मिळतो. सावली सगळ्यात आखूड होईल ती खूण धरायची. शाळेच्या घड्याळात बारा वाजता नव्हे हं! आपल्याकडे सूर्य सगळ्यात वर यायला साडेबारा वाजतात, म्हणून सव्वाबारापासून दर दोन मिनिटांनी खडूनं खूण करत बसायचं. हिशेबानं नामपूरची सावली सुमारे ९७ सेंटीमीटर यायला हवी, जवळजवळ काठीएवढीच. पुण्यात तीच काठी ९० च्या आसपास सावली देईल. हा सात सेंटीमीटरचा फरक पृथ्वी गोल असल्यामुळे आहे. सावलीवरून कोन काढला, नववी-दहावीतली त्रिकोणमिती इथं कामाला येते, तर दोन गावांच्या कोनांत साधारण २.२ अंशांचा फरक येतो. नकाशावर दक्षिणोत्तर अंतर मोज, सुमारे २४० किलोमीटर. ३६० ला २.२ ने भाग, २४० ने गुण. ३९ हजारांच्या वर जाशील, आणि पृथ्वीचा खरा घेर आहे ४० हजार. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसनं इजिप्तमध्ये हेच केलं, दोन गावांच्या सावल्यांतला फरक घेऊन.

माझ्या बीएस्सीच्या पोरांना मी सांगितलंय की आपल्याकडे सगळी उपकरणं आहेत आणि एक गोष्ट नाही: नामपूरची सावली. ती आठवीतली पोरं देणार आहेत. हे ऐकून बीएस्सीवाल्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

एक इशारा देऊन ठेवते. सावलीत एका सेंटीमीटरची चूक झाली तर घेरात पाचेक हजार किलोमीटरचा फरक पडतो. पोरं चुकणार. कुणी काठी वाकडी धरेल, कुणी सावलीच्या धूसर कडेवर भांडेल. भांडू दे. उत्तर ४५ हजार आलं तर ते खोडून ४० करू देऊ नकोस. पुस्तकात बघून आकडा जुळवायची सवय आपण शिक्षकांनीच लावलीय, प्रात्यक्षिकाच्या वहीत मीही लावली होती. पाच गट कर, पाच काठ्या, पाच आकडे, मग सरासरी.

आणि डिसेंबरात कांद्याची लागण असते, निम्मी पोरं वावरात असतील, हे मला माहीत आहे. मग काठी वावरातच उभी करा. त्या पोरीच्या बापूंना आधी सांगून ठेव, दुपारचं अर्धा तास बांधावर थांबावं लागेल म्हणावं. आई चहा करून आणेल.

२२ तारखेला मी इथं गच्चीवर पोरं घेऊन बसते. एकच्या सुमाराला फोन करीन. पण फोनवर आधी आकडा सांगू नकोस, मीही सांगणार नाही. आधी दोन्हीकडे वहीत शाईनं लिहून होऊ दे, मग त्या पोरीच्या हातात फोन दे.